आंबेखोलची भिंत

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जागृती मेस्त्रीने कळ दाबली आणि ‘सोबत’ या संगीत-लायब्ररीची पहिली आवृत्ती जगासाठी खुली झाली. ठिकाण कुडाळ तालुक्यातलं आंबेखोल, मेस्त्र्यांच्या घराची पडवी. हजर असलेली दुसरी व्यक्ती म्हणजे आई. ती हाताला खोबरेल लावून फणसाचे गरे काढत होती. “झाला?” असं तिने विचारलं, जागृतीने “झाला” म्हटलं, आणि आईने गऱ्यांचं ताट तिच्याकडे सरकवलं. समारंभ एवढाच.

लायब्ररी म्हणजे काय, हे आईला समजावण्याचा प्रश्न जागृतीने केव्हाच सोडवला होता. घर सुतारांचं. वडील असेपर्यंत कारखान्याच्या भिंतीवर पत्र्याचे आणि प्लायवूडचे फर्मे टांगलेले असत : खुर्चीच्या पाठीचा, देव्हाऱ्याच्या महिरपीचा, बैलगाडीच्या साटीचा. दरवेळी नव्याने मापं काढायची नाहीत, फर्मा उतरवायचा, लाकडावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमरांनी उतरवून न्यावेत असे फर्मे. आणि ‘ओपन सोर्स’ म्हणजे कारखान्याला कुलूप नाही. कुणीही यावं, फर्मा न्यावा, हवा तसा कापून बदलावा. अट एकच, बदललेला फर्मा परत इथल्याच खुंटीला टांगायचा. आईने त्यावर विचारलं होतं की टांगायला कोण येईल.

‘सोबत’चा फर्मा दूरदूर बसलेल्या वादकांना एकत्र वाजवता यावं यासाठी होता. सन २०३७ मध्ये हे अजून बाकी राहिलं होतं, याचं लोकांना नवल वाटे. दोह्यात बसलेल्या माणसाचा चेहरा आंबेखोलला लख्ख दिसतो, मग त्याची थाप वेळेवर का पडत नाही? कारण साधं आहे. प्रकाश कितीही वेगवान असला तरी त्याला समुद्राखालच्या तारेतून वळसे घेत यावं लागतं, वाटेतली यंत्रं त्याला क्षणक्षण अडवतात, आणि सगळं मिळून सेकंदाचा अकरावा भाग जातो. बोलण्यात तो कळत नाही. तालात कळतो. त्याच्या पाव हिश्शाएवढा उशीर झाला तरी झांज आणि पखवाज एकमेकांच्या पायात पाय घालतात. हा उशीर कोणत्याही यंत्राने कमी होणारा नाही; तो निसर्गाचा आहे.

जागृतीने उशीर कमी करायचा नादच सोडला. तिने पाहिलं की पखवाजावर थाप पडण्यापूर्वी हात वर जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येऊ लागतो. खाली यायला लागल्यापासून कातड्याला टेकेपर्यंत जेवढा वेळ जातो, तो तारेतल्या उशिरापेक्षा किंचित जास्त आहे. मग थाप पडण्याची वाट कशाला पाहायची? मनगटावर पट्टा, समोर कॅमेरा. हात खाली निघाला की लगेच निरोप रवाना. थाप कुठे पडेल, किती जोरात आणि नेमकी केव्हा, याचा अंदाज लायब्ररी करते आणि निरोप पोचल्यावर ती थाप इथे वाजवते. तिथे हात कातड्याला टेकतो तेव्हाच इथेही आवाज येतो. झांजा आणि पेटीच्या पट्ट्या यांचंही उलट दिशेने तेच. पेटीवर बसून गाणाऱ्या बुवांचा आवाज तेवढा अंदाजात बसत नाही, तो मागून पोचतो. पण पखवाजी तसाही गळ्याकडे बघून चालत नाही, झांजेकडे बघून चालतो.

अंदाज करायचा तर आधी शिकावं लागतं. लायब्ररी शिकली होती एकाच माणसाच्या हातावरून. तो हात जागृतीच्या थोरल्या भावाचा, हेमंतचा.

हेमंत सहा वर्षांपूर्वी दोह्याला गेला. तिथल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. जाण्याआधी सलग आठवडाभर जागृतीने त्याला रवळनाथाच्या सभामंडपात बसवून, मनगटाला पट्टे बांधून वाजवून घेतलं होतं. तेव्हा ती नुकतीच शिकून आली होती आणि हे पट्टे कशासाठी, हे तिलाही नीट सांगता येत नव्हतं. आंबेखोलच्या भजन मंडळात पखवाजाची बैठक, म्हणजे तिथे बसून वाजवण्याचा मान, मेस्त्र्यांच्या घरात तीन पिढ्या होता. हेमंत गेल्यावरही ती मेस्त्र्यांचीच राहिली, कारण मंडळाचे मुख्य गायक श्रीकांतबुवा घाडे यांनी ती दुसऱ्या कुणाला कायमची दिली नाही. पाच वर्षं इकडून तिकडून पखवाजी बोलावून त्यांनी वेळ मारून नेली. सहाव्या वर्षी जागृतीने ‘सोबत’ उभी केली आणि गुरुवारच्या सरावाला हेमंत दोह्यातून बसू लागला.

मंडपात त्याच्या जागी खराच पखवाज असे. दोन्ही पुड्यांवर, म्हणजे दोन्ही तोंडांच्या कातड्यांवर, जागृतीने बसवलेली कंपन देणारी यंत्रं होती. ती पुडी हलवत आणि आवाज लाकडातूनच येई. आई दर गुरुवारी कणीक मळून डाव्या पुडीला लावायची. हात तर लागणार नाही, मग कणीक कशाला, असं कुणीतरी म्हणालं होतं. आईने विचारलं होतं, डावी बाजू घुमायला नको का?

वर्षभरात गावाचा शेरा ठरून गेला होता : “हेमाचो हात काय बदललो नाय.” तरी मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं की सराव वेगळा आणि सामना वेगळा. वैशाखातल्या उत्सवात डबलबारी असते. दोन बुवा आमनेसामने बसतात, भजनातूनच एकमेकांना चिमटे काढतात आणि ऐकायला पंचक्रोशी लोटते. मंडळाने ठराव केला होता की यंदाची डबलबारी हेमंतने दोह्यातून निभावून दाखवली तर बैठक मेस्त्र्यांकडे राहील. नाहीतर नेरूरचा एक तयार मुलगा आहे, त्याला द्यायची. आई कणीक हल्ली जास्त वेळ मळत असे.

लायब्ररी खुली केली त्या दिवसापासून उत्सव अठरा दिवसांवर होता.

पहिल्या आठवड्यात ‘सोबत’ चारशे जणांनी उतरवून घेतली. जागृतीला वीस अपेक्षित होते. त्यात बहुतेक हौशी, थोडे विद्यार्थी, आणि एक ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला तियागो नावाचा ढोलवादक. पहिली तक्रार त्याचीच. भाषा सभ्य होती. लायब्ररी उत्तम आहे, असं लिहून त्याने पुढे म्हटलं होतं : आवर्तनाचा पहिला ठोका बरोबर पडतो, पण त्यानंतरचा ठोका कधीकधी जरा मागे राहतो. नेहमी तेवढाच. जणू कुणीतरी दरवाजा धरून उभं आहे आणि मागच्याला आत घेतंय.

जागृतीने मोजलं. तक्रार खरी होती. समेची थाप पडली की पुढची थाप सेकंदाच्या सतराव्या भागाने मागे. दर आवर्तनात नाही. वादकाचा हात लायब्ररीला नीट कळला नाही की मगच. तेव्हा ती स्वतःच्या शिकवणुकीवर रेलायची, आणि त्या शिकवणुकीतच हा थांबा होता. तिने माइक तपासले, पट्ट्यांची घड्याळं जुळवून पाहिली, गणिताचा एकेक भाग सुटा करून चालवला. तीन दिवस गेले. चूक कुठेच नव्हती आणि थांबा होता.

तो सापडला गुरुवारी, सरावात. मंडळात झांजेला एक नवीन माणूस आला होता, पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. हौस दांडगी आणि हात घाईचा. सम आली की लगेच पुढची झांज हाणायचे. दोनदा झाल्यावर बुवांनी पेटी थांबवली.

“थांबा ओ, टपाल चुकता काय?” बुवा म्हणाले. “भिंतीक बोलूक दिया. मगे तुमी बोला.”

सगळे हसले. जागृती हसली नाही. हे वाक्य तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते ऐकू येणंच बंद झालं होतं.

रवळनाथाचा सभामंडप पुढून उघडा आहे. समोर आवार, आणि आवाराच्या पलीकडे जुन्या धर्मशाळेची जांभ्या चिऱ्यांची भिंत. छप्पर कधीच गेलं, भिंत राहिली. पखवाजावर जोरात सम दिली की आवाज आवार ओलांडून जातो, भिंतीवर आपटतो आणि परत येतो. जांभ्याला छिद्रं असतात, म्हणून परत येणारा आवाज टणक नसतो, खाली बसलेला, ओलसर असतो. आंबेखोलचे वादक त्या आवाजासाठी जागा सोडतात. कुणी शिकवत नाही. इथे बसून वाजवलं की हात आपोआप थांबतो. बाहेरगावचे बुवा म्हणत, आंबेखोलची सम लंगडते. आंबेखोलकर म्हणत, तुमची धावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागृतीने आवारात टेप धरला. पखवाजाच्या जागेपासून भिंतीपर्यंत दहा मीटर, चार बोटं कमी. आवाजाला जाऊन येऊन वीस मीटर. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे पंचेचाळीस मीटर जातो. भागाकार तिने तोंडीच केला. खात्रीसाठी एक लवंगी फटाका लावला आणि भिंतीचं उत्तर ध्वनिमुद्रित करून घेतलं. पुजारी बाहेर येऊन बघून गेला.

म्हणजे हेमंतच्या हाताबरोबर लायब्ररी ही भिंतही शिकली होती. आणि आता ती रेसिफेतल्या एका माणसाला, ज्याच्यासमोर अशी काही भिंत नव्हती, अधूनमधून आंबेखोलच्या आवारात नेऊन बसवत होती. जागृतीला यात चुकीपेक्षा गंमत जास्त वाटली. दुरुस्ती सोपी होती : थांबा वेगळा काढायचा, त्याला नाव द्यायचं, हवा तर ठेवा, नको तर काढा. दुरुस्ती करता करता तिने सहज, पडताळा म्हणून, हेमंतच्या मनगटावरच्या पट्ट्याची दोह्यातली मूळ नोंद आणि आंबेखोलच्या पखवाजावर वाजलेल्या थापा शेजारीशेजारी लावून पाहिल्या.

दोह्यात हात थांबत नव्हता.

तिने मागचा गुरुवार काढला, मग त्याच्या मागचा. अख्ख्या वर्षात हेमंतचा हात एकदाही समेनंतर थांबला नव्हता. दोह्यात बारा फुटांच्या खोलीत, पलंग भिंतीला टेकवून, सतरंजीवर बसून वाजवणाऱ्या माणसाला कशासाठी थांबायचं होतं? थांबत होती ती लायब्ररी. ती याच हातावरून शिकलेली, त्यामुळे या हाताबद्दल सगळ्यात ठाम. बाकीच्यांच्या बाबतीत ती शंका आली तरच स्वतःचं ऐके. हेमंतच्या बाबतीत ती खुद्द हेमंतचंही ऐकत नव्हती. त्याने थाप आधी टाकली तरी ती धरून ठेवायची आणि सहा वर्षांपूर्वीच्या जागी ठेवायची.

गाव म्हणत होतं, हात बदललो नाय. गाव ज्याला ऐकत होतं तो हात नव्हताच.

तिने सायंकाळी फोन केला, त्याची पाळी संपल्यावर. तो इमारतीच्या गच्चीवर होता. मागे वारा ऐकू येत होता. जागृतीने आकडे सांगितले, भिंत सांगितली, पट्ट्याची नोंद सांगितली.

“माका म्हायत आसा,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“दिवाळीत तू व्हिडिओ धाडलंस, तेव्हापासून. त्यात वाजवणारो मी न्हय. माझ्यापेक्षा बरो वाजवता तो.”

“मगे सांगलंस नाय कित्या, दादा?”

“आयेक बरा वाटत होता,” हेमंत म्हणाला, आणि जरा थांबून, “माकाय.”

मग त्याने लिफ्टची एक गोष्ट सांगितली. नव्या लिफ्टमध्ये मजल्याशी बरोबर जुळून थांबण्याचं काम संगणक करतो, आणि दोरी ताणली गेली तरी तो सांभाळून घेतो. बसणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा संगणक बंद करून लिफ्ट हाताने चालवायची असते, दोरी खरोखर कुठे आहे ते बघायला.

“डबलबारीक बंद कर ता,” तो म्हणाला.

जागृतीने बैठकीचं काय, ते विचारलं.

“जातली तर माझ्या हातान जाऊंदे.”

राहिले बुवा. बुवांपासून लपवून हे करणं जागृतीला शक्य नव्हतं, आणि सांगणं सोपंही नव्हतं. श्रीकांतबुवा तेव्हा घरापुढच्या खळ्यात सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा पुन्हा सांगायला लावलं आणि मग अडकित्ता खाली ठेवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सामना आठवड्यावर आला आहे, समोर तवट्यांची बारी आहे, आबाजीबुवा तवटे म्हणजे लिंबू पिळून मीठ चोळणारा माणूस, आणि अशा वेळी चालती गाडी खोलून बघायची नसते.

“लोकांका हेमा होयो,” ते म्हणाले. “तुझा खरा-खोटा त्यांका काय करूचा आसा?”

“बुवा, उद्या तुमचो आवाज बसलो आणि मी तुमचो धा वर्सांपूर्वीचो आवाज लावलंय, तर चलात?”

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“कोणाक कळाचा नाय मां?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच हसू लागले, ठसका लागेपर्यंत हसले, आणि बुवीणबाईंनी पाणी आणून दिल्यावर म्हणाले की बंद कर, पण तवट्यांनी उतरवली माझी तर सुपारी तुझ्या डोक्यावर फोडीन.

उत्सवाच्या दिवशी डबलबारी दुपारी चारला सुरू झाली. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी, म्हणून हल्ली तीच वेळ. दोन्ही बुवांना दोन-दोन पाळ्या. आवार भरलेलं, भिंतीवर पोरं चढलेली. भिंतीचं हे शेवटचं वर्ष, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यानंतर ती पाडून तिथे बहुउद्देशीय सभागृह बांधायचं देवस्थान कमिटीने ठरवलं होतं आणि तसा फलकही लागला होता. आईने डाव्या पुडीला कणीक लावली, हात पुसले आणि बायकांत जाऊन बसली. ती पखवाजाकडे बघत नव्हती, समोर बघत होती.

पहिली पाळी श्रीकांतबुवांची. पहिली सम आली, आणि पुढची थाप थेट आली. भिंत बोलायला लागली होती तोवर तिच्या तोंडावर थाप पडली. झांजवाले सवयीने थांबले, मग धावले. पुढच्या आवर्तनात ते धावायला तयार होते, तर मंडपातलेच चार म्हातारे मान हलवायचे थांबले. वादन वाईट नव्हतं. हात स्वच्छ होता, दमदार होता. फक्त तो दुसऱ्या खोलीत वाजत होता. बुवांनी अनुभवाने पाळी रेटून नेली. घाम मात्र कॉलरपर्यंत आला.

मग आबाजीबुवा तवट्यांची पाळी. ते हे सोडणार नव्हतेच. गजर रंगात आल्यावर त्यांनी पेटीवर बोटं नाचवत समोर, रिकाम्या जागेतल्या पखवाजाकडे हात केला :

“दोह्याची लिफ्ट भारी, थांबेना मजल्यावरी,
मृदंगमणी वर-खाली, बुवा उभे दारी!”

आवार फुटलं. भिंतीवरची पोरं खाली पडता पडता राहिली. आईसुद्धा पदराआड हसली, आणि तिने ते नंतर नाकारलं.

जागृती खांबामागे तिचं यंत्र घेऊन बसली होती. कानातल्या फोनवर हेमंत होता. त्यालाही गजर ऐकू गेला होता आणि तो हसत होता. हसणं थांबल्यावर त्याने विचारलं की त्या दिवशी तू लवंगी लावून भिंतीचं काय ते घेतलेलं, ते आहे का. होतं.

“ता माका दी,” हेमंत म्हणाला. “हातात नको. कानात दी.”

जागृतीला कळायला एक श्वास लागला. आतापर्यंत लायब्ररी भिंत हेमंतच्या हातात घालत होती, म्हणजे त्याचा हात बाजूला सारून स्वतः थांबत होती. तो म्हणत होता, भिंत माझ्या खोलीत आण. मी थाप मारली की माझ्याच हेडफोनमध्ये, तेवढ्याच वेळाने, तिचं उत्तर येऊ दे. पुढचं माझा हात बघून घेईल. यात तार नव्हती, अंदाज नव्हता, समुद्र नव्हता. एका आवाजाला दुसरा आवाज चिकटवायचा, इतकंच. वर्षभर एवढी मोठी गणितं मांडूनही तिला हे सुचलं नव्हतं.

तवट्यांची पाळी तासभर चालते. जागृतीला तेवढा वेळ होता, आणि काम त्याहून कमी वेळाचं निघालं. सहा वाजायच्या सुमाराला हेमंतने दोह्यात एक थाप मारून पाहिली. फोनवर नुसती थाप ऐकू आली, भिंत नाही. तिने विचारलं, येतंय का.

“चिरो आयकू येता,” तो म्हणाला. मग पुन्हा एक थाप मारली, आणखी एक.

श्रीकांतबुवांची दुसरी पाळी सुरू झाली. पहिली दोन आवर्तनं आधीसारखीच गेली, थेट. तिसऱ्यात समेनंतर हात अडखळला आणि जागृतीने यंत्रावर पाहिलं : लायब्ररीचा थांबा बंदच होता, अडखळला तो हेमंत. चौथ्यात तो थांबला. भिंत बोलली, दोन ठिकाणी बोलली. एकदा आवारात आणि एकदा दोह्यात एका माणसाच्या कानात. मग थाप आली.

ती जुनी थाप नव्हती. जुन्या हेमंतपेक्षा हा किंचित जास्त थांबत होता. यंत्रावर फरक दिसत होता आणि झांजवाल्यांना तो हातात कळत होता. पोस्टातले गृहस्थ सगळ्यात आधी जुळले, कारण त्यांना जुनी सवयच नव्हती. बुवांनी पेटीवरून मान वळवून रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं आणि पुढची तीन आवर्तनं, गरज नसताना, फक्त समेसाठी म्हणून घोळवली. म्हातारे हलायला लागले.

शेवटच्या पाळीत आबाजीबुवांनी रीतीप्रमाणे उत्तर दिलं. पण आधी त्यांनी पेटी मिटली आणि हात जोडले. “थांबली एकदाची मजल्यावर,” ते म्हणाले. “आता दार उघडा, मृदंगमणी. आम्हाला उतरायचं आहे.”

डबलबारीत निकाल लागत नसतो. मंडळानेही काही जाहीर केलं नाही. आवार रिकामं होत असताना आई पखवाजाच्या पुडीवरची कणीक खरवडून काढत होती, तिच्याजवळून जाताना श्रीकांतबुवा थांबले. “पुढच्या वर्साक जरा सैल मळ,” ते म्हणाले, आणि चपला शोधायला गेले. आईने ते रात्री फोनवर हेमंतला शब्दशः सांगितलं. नंतर जागृतीलाही सांगितलं, जरी ती तिथेच उभी होती.

त्या आठवड्यात ‘सोबत’ची दुसरी आवृत्ती निघाली. हातातला थांबा काढून टाकलेला. त्याऐवजी एक नवा फर्मा : वादकाच्या कानात हव्या त्या जागेचं उत्तर देणारा. पहिली जागा म्हणून आंबेखोलची भिंत, लवंगी फटाक्यासकट. जागृतीने तियागोला कळवलं की तक्रार दूर झाली आहे, आणि कारणही सविस्तर लिहिलं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. त्याने दोन्ही आवृत्त्या लावून पाहिल्या होत्या. आपल्याकडे बंदरावर साखरेचं जुनं गोदाम आहे, त्याच्यापुढे आजोबा वाजवायचे, असं लिहून त्याने त्या गोदामाच्या भिंतीचा आवाज जोडला होता. त्यानंतर एका चर्चचा जिना आला. नॉर्वेतली एक गोठलेली खाडी आली. कोल्हापूरजवळच्या कुणीतरी साखर कारखान्याच्या चिमणीचा पायथा पाठवला. जुलैच्या अखेरीला खुंटीवर एकसष्ट भिंती होत्या. आईला आता, टांगायला कोण येतं, ते रोज वाचून दाखवावं लागतं.

राहता राहिली खरी भिंत. देवस्थान कमिटी सभागृहावर ठाम आहे; पावसात जेवणावळी होत नाहीत, ही अडचण खरी आहे आणि बुवाही ती मान्य करतात. मात्र इंजिनियरने नव्या सभागृहाची मंडपासमोरची भिंत चौदा मीटरवर काढली होती. श्रीकांतबुवांनी कमिटीच्या बैठकीत उभं राहून विचारलं की समेला जायला-यायला तेवढं भाडं कोण देणार. हशा झाला, पण ठरावही झाला : दर्शनी भिंत जुन्याच चिऱ्यांची बांधायची आणि अंतर पखवाजाच्या बैठकीने सांगायचं. बैठक म्हणजे हेमंत.

जागृतीने त्याच्यासाठी वेगवेगळ्या अंतरांवरच्या भिंती तयार करून पाठवल्या आहेत, चिरे तेच, अंतर निराळं. तो रोज एकीपुढे वाजवून बघतो. इंजिनियर दर सोमवारी फोन करतो. रेसिफेच्या तियागोने आपली पहिली तक्रार बंद करू नये अशी विनंती केली आहे. नवी भिंत कशी बोलते ते ऐकल्यावर बघू, असं तो म्हणतो. तक्रार उघडी आहे.

हेमंतने अंतर अजून कळवलेलं नाही. गेल्या आठवड्यात तो बारा मीटरवर होता, काल पुन्हा दहावर आला. नकाशा इंजिनियरच्या टेबलावर आहे, आणि त्यावर भिंत तेवढी पेन्सिलने काढलेली आहे.